अमृतकोकमांतील साखर

वैशाखाच्या अखेरीस, मृगाचा पाऊस येण्यापूर्वीं, कोंकणांत रातांब्यांची घाई सुरू होते. फळ पिकून लालजांभळें झालें कीं तें वेळींच उतरवून, फोडून, उन्हांत घालावें लागतें. नाहीं तर पहिल्या पावसांत तें कुजून जातें. म्हणून या दिवसांत कोंकणांतील घरांच्या अंगणांत चटया पसरलेल्या असतात आणि माजघरांत दोन निरनिराळ्या बरण्या भरल्या जातात. एकींत फळांचा रस आणि मीठ पडतें; त्याचें आगळ होतें. दुसरींत फळांच्या वाट्या आणि साखर पडते. त्यांचें अमृतकोकम होतें. दोन्ही बरण्यांतील फळ एकाच झाडाचें. परंतु दोहोंचा इतिहास एक नाहीं. मीठ कोंकणच्या खाजणांतच पिकतें. साखर मात्र फार दुरून आली, आणि तिच्या वाटेवर कोंकणांतील माणसांचे श्रमहि पडलेले आहेत.

फळाचा रस पाण्यांत कालवून पिण्याची आवड या देशाला नवी नाहीं. संस्कृत ग्रंथांत अशा पेयाला 'पानक' म्हटलें आहे, आणि मराठींतील 'पन्हें' हा त्याच शब्दाचा घरगुती अवतार होय. बौद्ध भिक्षूंना मध्यान्हानंतर अन्न घेण्याची मनाई असे. परंतु विनयपिटकांतील 'महावग्ग' या भागांत आठ पेयें त्यांना मोकळीं ठेवलेलीं आढळतात. आंबा, जांभूळ, केळीच्या दोन जाती, मोह, द्राक्ष, कमळाचा कंद आणि फालसा यांचीं तीं पेयें होत. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत 'मानसोल्लास' हा विशाल ग्रंथ सिद्ध केला. राजाच्या निरनिराळ्या उपभोगांचें वर्णन करतांना त्यानेंहि पानकांना स्थान दिलें आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मिळणारें कैरीचें पन्हें याच कुळांतलें. या सर्व पेयांचा एक धर्म मात्र समान आहे: तीं करावयाचीं आणि प्यावयाचीं. ऋतु सरला कीं पेयहि सरलें. फळाचा रस वर्षभर टिकवून ठेवणें ही निराळी विद्या आहे, आणि त्या विद्येचें सारें भांडवल साखर हें आहे.

आतां साखर तर याच भूमीचें देणें. इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकांत अलेक्झांडरबरोबर सिंधुकांठीं आलेल्या निआर्खस या त्याच्या आरमारप्रमुखानें, मधमाशांवांचून मध देणारे वेत या देशांत आहेत, असें मोठ्या नवलानें लिहून ठेवलें. इ. स. ६४७ सालीं चीनचा सम्राट् ताइत्सुंग यानें उसापासून साखर करण्याची कृति शिकून येण्यासाठीं आपलीं माणसें मगध देशाला पाठविलीं. 'शर्करा' हाच शब्द इराणांतून अरबस्तानांत आणि तेथून युरोपांतील भाषांत रूपें पालटीत गेला. 'खंड' हा शब्दहि त्याच वाटेनें गेला. देणें जसें गेलें तसें परतलेंहि. पुढें बाहेरून आलेल्या साखरेला हिंदुस्थानांत 'चिनी' आणि 'मिस्री' अशीं चीन व मिसर या देशांचीं नांवें पडलीं.

असें असूनहि स्वच्छ, शुभ्र, दाणेदार साखर सामान्य घरांत रोज येत नसे. रोजच्या गोडीला गूळ होता. साखरेचें स्थान वैद्याच्या फडताळांत आणि श्रीमंतांच्या मुदपाकखान्यांत असे. साखरेच्या पाकांत औषध टिकतें हें आयुर्वेदाला ठाऊक होतें. अवलेहांची सारी रचना त्यावरच उभी आहे. अरबी आणि इराणी हकिमांनीं हीच युक्ति फळांच्या रसाला मोठ्या प्रमाणावर लावली. अरबींत 'पिणें' या अर्थाचा जो धातु आहे त्यापासून 'शराब' आणि 'शरबत' हे दोन्ही शब्द निघाले, आणि युरोपांतील 'सिरप' हा शब्दहि त्यांचाच भाऊबंद. अकराव्या शतकांत इब्न सिना या थोर हकिमानें रचलेल्या वैद्यकग्रंथांत अशा पाकांचा स्वतंत्र परामर्श घेतलेला आहे. मराठींतील 'सरबत', 'मुरंबा' आणि 'गुलकंद' हे तिन्ही शब्द अरबी-फारशींतून आलेले आहेत, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. अकबराच्या दरबारांत तर पेयजलासाठीं स्वतंत्र 'आबदारखाना' होता. शोऱ्याच्या साहाय्यानें पाणी कसें गार करीत आणि डोंगरांतून बर्फ कसें आणीत, याची हकीकत अबुल फझलनें 'आइन-इ-अकबरी'त दिली आहे. शोरा, बर्फ आणि साखर हीं ज्याच्या पदरीं, त्याच्याच घरीं बारा महिने सरबत.

याच काळांत पश्चिम किनाऱ्यावरील एका आंबट फळानें एका परदेशी वैद्याचें लक्ष वेधून घेतलें. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यांत राहत असे. त्याचा वनौषधींवरील संवादरूप ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांतच छापला गेला. गोव्यांत ज्याला भिरंड आणि कोंकणांत रातांबा म्हणतात, त्या फळाची त्यांत नोंद आहे. फळ आंतून रक्तासारखें लाल आणि चवीला अतिशय आंबट असतें. रंगारी तें वापरतात. आणि त्याची साल शिरका करण्यासाठीं जपून ठेवतात व समुद्रापार नेतात, असें तो सांगतो. म्हणजे रातांबा टिकविण्याची कला तेव्हांहि होती; पण ती आंबटपणा राखण्याची होती. आमसूल आणि आगळ हे याच कलेचे प्रकार. आमसुलाला ऊन आणि फळाचाच रस पुरतो, आगळाला मीठ पुरतें. दोहोंसाठीं गांवाबाहेर जावें लागत नाहीं.

अमृतकोकमाची गोष्ट वेगळी आहे. पिकलेलीं, टणक फळें धुऊन पुसून कोरडीं करावयाचीं, मधोमध चिरून बिया काढावयाच्या, आणि वाट्यांत साखर भरून कांचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणींत त्या थरावर थर रचावयाच्या. तोंडाला दादरा बांधून बरणी सात-आठ दिवस उन्हांत ठेवावयाची आणि रोज कोरड्या चमच्यानें ढवळावयाची. चूल पेटवावी लागत नाहीं, पाण्याचा थेंबहि पडूं द्यावयाचा नाहीं. तरी चार दिवसांत बरणी माणकासारख्या लाल रसानें भरून येते. हें कसें घडतें? सालींतील पेशींच्या बाहेर साखरेचा दाट द्रव झाला, कीं पेशींतील पाणी त्याच्याकडे ओढलें जातें, आणि त्याबरोबर रंग, आंबटपणा व सुवासहि बाहेर येतो. जी साखर फळांतून पाणी ओढते, तीच बुरशीला आणि किण्वालाहि पाणी मिळूं देत नाहीं. पाकांत शंभर भागांत सुमारे पांसष्ट भाग साखर असली, तर बहुतेक सूक्ष्म जीवांना त्यांत वाढतां येत नाहीं. १९५५ सालच्या फळपदार्थांच्या सरकारी नियमांनीं सरबताच्या पाकाला हीच मर्यादा घालून दिली होती. कोकमाचें आम्ल या कामाला हातभार लावतें, आणि साखरेचा कांहीं भाग फोडून तो पाक दाणेदार होऊं देत नाहीं. आंच लागत नसल्यानें रंगहि उजळ राहतो. एक ओला चमचा मात्र सगळा बेत बिघडवितो. तेवढ्या जागीं पाक पातळ होतो आणि आंबूं लागतो.

या कृतीचें मर्म तिच्या प्रमाणांत आहे. एक वजन वाट्यांना दोन वजनें साखर लागते. म्हणजे अमृतकोकमाची बरणी ही वस्तुतः कोकमाची नसून साखरेची बरणी असते. कोकम तिला रंग आणि नांव देतें. रातांबा परसांत फुकट मिळत असला, तरी त्याच्या दुप्पट साखर ज्याला परवडेल त्यानेंच ही बरणी भरावी. तेव्हां असा पदार्थ पाहुण्यारावळ्यांच्या रोजच्या पाहुणचारांत येण्यापूर्वीं साखर स्वस्त होणें अवश्य होतें. ती स्वस्त कशी झाली, हा या कथेंतील सर्वांत गंभीर भाग.

हिंदी महासागरांतील मॉरिशस बेटावर इंग्रजांच्या अमलाखालीं उसाचे मळे झपाट्यानें वाढले. या मळ्यांवर गुलाम राबत. १८३५ सालीं तेथील गुलामगिरी कायद्यानें संपली. पण मळेवाल्यांनीं त्याच्या आधींच, १८३४ सालीं, हिंदुस्थानांतून कराराचे मजूर आणण्यास आरंभ केला होता. पुढील पाऊणशें वर्षांत सुमारें साडेचार लाख हिंदी माणसें त्या बेटावर उतरलीं. बहुसंख्य कलकत्त्याहून आणि मद्रासेहून गेलीं. पण मुंबई बंदरांतूनहि जहाजें सुटलीं, आणि त्यांत रत्नागिरी व आसपासच्या मुलखांतील मराठी कुटुंबें होतीं. करार पांच वर्षांचा. पुरुषाला महिना पांच रुपये आणि शिधा. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची पद्धत तेथें दीर्घकाळ चालू होती. त्या लोकांचे वंशज आज त्या बेटाचे नागरिक आहेत. तेथें मराठी शाळांतून शिकविली जाते आणि गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुटी असते.

या मजुरांच्या श्रमांनीं पिकलेली पांढरी साखर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानांत येऊं लागली. मराठींत आणि गुजराथींत तिला नांव पडलें 'मोरस', म्हणजे मॉरिशसची. वाण्याच्या दुकानांत मोरस मागणाऱ्या गृहिणीला तें एका बेटाचें नांव असल्याची जाणीव असेलच असें नाहीं. ज्या किनाऱ्यावरून माणसें गेलीं, त्याच किनाऱ्यावर त्यांनीं पिकविलेली साखर पोत्यांतून उतरली. माणसें मात्र बहुतेक परतलीं नाहींत.

मोरस साखरेच्या मागोमाग युरोपांतील बीटाची आणि नंतर जावा बेटाची साखर आली. १९३२ सालीं देशी साखरधंद्याला जकातीचें संरक्षण मिळालें, आणि जेथें सुमारें तीस कारखाने होते तेथें पांच वर्षांत सव्वाशेंहून अधिक झाले. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ पासून, साखरेवर सरकारी नियंत्रण आलें आणि पुढें शिधापत्रिकेवर मोजकी साखर घेण्याचे दिवस आले. दोन वजनें साखर मागणाऱ्या पदार्थाला अशा वेळीं घरांत कितपत जागा मिळाली असेल, हें सहज समजण्यासारखें आहे. १९५० सालीं विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं प्रवराकांठीं लोणी येथें शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि त्यानंतर महाराष्ट्र स्वतःच साखरेचें मोठें आगर बनला. अमृतकोकम आतां घरांतून उठून दुकानांतील बाटल्यांतहि शिरलें आहे.

साखर स्वदेशी झाली, तरी तिच्यामागची वणवण संपलेली नाहीं. दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यांतील आणि मराठवाड्याच्या इतर भागांतील हजारों कुटुंबें घरें बंद करून ऊसतोडीला निघतात. नवराबायकोच्या जोडीला तेथें 'एक कोयता' म्हणतात. निघण्यापूर्वीं मुकादमाकडून घेतलेली 'उचल' त्यांना हंगामभर फेडावी लागते, आणि एक दिवस काम चुकलें कीं त्याचा 'खाडा' पडून पैसे कापले जातात. मॉरिशसच्या करारांतील अटी ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हे शब्द फार परके वाटणार नाहींत. हीं कुटुंबें चैत्र-वैशाखांत आपापल्या गांवीं परततात. त्याच सुमारास कोंकणांत रातांबे पिकूं लागलेले असतात, आणि त्या कुटुंबांनीं तोडलेल्या उसाची साखर वाट्यावाट्यांतून भरली जात असते.