अंगणात एंजल ट्रम्पेट लावताय? आधी जागा ठरवा, मग रोप आणा

इंदापूर/बारामती : हात-हात लांबीची, कर्ण्यासारखी खाली लोंबणारी फुलं आणि दिवेलागणीनंतर अंगणभर पसरणारा वास. एंजल ट्रम्पेटचं झाड एकदा बघितलं की माणूस रोप घेतल्याशिवाय घरी येत नाही. पण आपल्या भागात अडचण पुढे येते. पानं करपतात, कळ्या गळतात, नाहीतर झाड नुसतंच उंच जातं. त्यात हे झाड पूर्ण विषारी आहे, आणि रोप घेताना ते सांगितलं जातंच असं नाही. म्हणून ही सगळी माहिती एका जागी.

धोतऱ्याचाच भाऊबंद

याचं शास्त्रीय नाव ब्रुगमॅन्सिया. मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. तिथल्या रानात आता ते आपणहून उगवलेलं सापडत नाही, माणसांनी लावलं म्हणून टिकलं. महादेवाला वाहतो तो धोतरा याचा जवळचा नातेवाईक. ओळख सोपी आहे. धोतरा लहान झुडूप, फूल वर तोंड करून, फळ काटेरी. एंजल ट्रम्पेट लाकडी खोडाचं, आठ-दहा फूट वाढणारं, फूल खाली तोंड करून, फळ गुळगुळीत. वांगी, टोमॅटो, मिरचीही याच कुळातली. त्यामुळे त्यांची किडही यावर येते आणि याची त्यांच्यावर जाते. भाजीच्या वाफ्यापासून लांब लावा.

जागा आणि माती

या झाडाला थंड हवा मानवते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो, तिथं ते दमतं. सकाळचं ऊन आणि दुपारी अकरानंतर सावली मिळेल अशी घराची पूर्वेची बाजू उत्तम. तशी जागा नसेल तर उन्हाळ्यापुरती हिरवी शेडनेट बांधा.

माती हा आपल्याकडचा मोठा विषय. निरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास हॅरॉल्ड मॅन आणि ताम्हाणे यांनी १९१० सालीच प्रसिद्ध केला होता. म्हणजे कालव्याखालच्या जमिनीत मीठ फुटणं हे काही आजचं दुखणं नाही. काळ्या, चिबड जमिनीत या झाडाची मुळी कुजते. मी पहिलं रोप असंच गोठ्यामागच्या काळ्या मातीत लावलं, पावसाळ्यात पाणी साचलं आणि दसऱ्याच्या आत झाड गेलं.

दुसऱ्या वेळी दीड बाय दीड फुटाचा खड्डा घेतला. तळाला विटांचे तुकडे, वर पोयटा माती, कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू, शिवाय दोन मुठी निंबोळी पेंड. भोवती उसाचं पाचट अंथरलं. ते झाड टिकलं. कुंडीत लावायचं तर किमान १६ ते १८ इंची घ्या आणि तळाला भोकं मोकळी ठेवा.

रोप घरीच तयार करा

पेन्सिलीएवढ्या जाड, जून फांदीचा सात-आठ इंचाचा तुकडा घ्या. पावसाळ्यात किंवा दिवाळीनंतर लावा, तीन-चार आठवड्यांत मुळ्या धरतात. हे झाड आधी सरळ वाढतं, मग त्याला इंग्रजी वाय अक्षरासारखा फाटा फुटतो. फुलं त्या फाट्याच्या वरच येतात. म्हणून फाट्यावरच्या फांदीचं कलम लवकर फुलतं. छाटणी करतानाही फाट्याच्या वरच कापा. खाली कापलं तर झाड पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतं आणि फुलं लांबतात.

पाणी आणि खत

उन्हाळ्यात रोज सकाळी पाणी द्या. दुपारी पानं माना टाकतात, त्याला घाबरू नका. संध्याकाळी उभी राहिली तर झाड ठीक आहे. नाही राहिली तर माती उकरून बघा. कोरडी असेल तर पाणी द्या, ओली असूनही मान खाली असेल तर मुळी कुजतेय, पाणी थांबवा.

झाड खादाड आहे. वाढीच्या दिवसांत पंधरा दिवसांतून एकदा १९:१९:१९ लिटरला दोन-तीन ग्रॅम पुरतं. नुसता युरिया टाकाल तर पानंच पानं येतील.

काय दिसतं, काय करायचं

* पानांच्या कडा करपतात : बोअरच्या खारट पाण्याचा परिणाम असू शकतो. कालव्याचं आवर्तन आलं की किंवा साठवलेलं पावसाचं पाणी कुंडीच्या तळातून वाहून जाईपर्यंत द्या. पाणी आणि माती तपासून घेणं कधीही चांगलं. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात ती सोय आहे.
* नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या : चुनखडीच्या जमिनीत उसाला केवडा पडतो, तोच प्रकार. लोह कमी पडतं. चिलेटेड फेरस लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, संध्याकाळी फवारा.
* पानांवर बारीक ठिपके, मागे जाळी : लाल कोळी. सकाळी पानांच्या मागच्या बाजूवर पाण्याचा जोरात फवारा मारा. नंतर निंबोळी तेल लिटरला पाच मिली, थोडं साबणपाणी मिसळून, आठवड्याने पुन्हा.
* पांढरी माशी : पिवळे चिकट सापळे टांगा. पानं वेडीवाकडी, चट्ट्यापट्ट्याची झाली तर विषाणूरोग समजा. झाड उपटून खोल पुरा, जाळू नका.
* कळ्या गळतात : कडक ऊन किंवा पाण्याची ओढाताण. रात्री १५ ते २० अंशांवर आल्या की बहर आपोआप सुधारतो. आपल्याकडे खरा हंगाम दिवाळी ते होळी.

सर्वात महत्त्वाचं : विष

पान, फूल, बी, खोड, मुळी, सगळ्यात ॲट्रोपिन आणि स्कोपोलामिन ही द्रव्यं असतात. दोन वर्षांपूर्वी छाटणी करताना मी घामाने भरलेला डोळा त्याच हाताने पुसला. तासाभरात एका डोळ्याची बाहुली मोठी झाली, मोबाईलवरची अक्षरं दिसेनात. घरच्यांना वाटलं अर्धांगाचा झटका. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा झाडाची आठवण झाली. दीड-दोन दिवसांनी नजर ताळ्यावर आली. तेव्हापासून हातमोज्याशिवाय कात्री धरत नाही.

लहान लेकरं आणि जनावरं असलेल्या घरात हे झाड दारात, गोठ्याजवळ किंवा शेळ्यांच्या वाटेवर नको. छाटलेल्या फांद्या उकिरड्यावर टाकू नका, पुरून टाका. मुलांना फुलं खेळायला देऊ नका. पानांचा कोणताही घरगुती औषधी प्रयोग करू नका.

पोटात गेलं तर तोंड कोरडं पडतं, अंग तापतं, चेहरा लाल होतो, बाहुल्या मोठ्या होतात, लघवी अडते, माणूस असंबद्ध बडबडतो. बाहेरची बाधा समजून वेळ घालवू नका. मीठपाणी पाजून उलटी काढू नका. १०८ ला फोन करा, सरकारी दवाखाना गाठा आणि झाडाची एक फांदी पिशवीत घालून सोबत न्या. डॉक्टरांना निदान लवकर होतं.

एवढी काळजी घेणं जमणार असेल तर खुशाल लावा. नसेल जमणार, तर मोगरा आहेच की. वास त्याचाही संध्याकाळी अंगणभर सुटतो, आणि लेकरांची, जनावरांची एवढी धास्ती राहत नाही.