वहिनी बाही

आमच्या चाळीतल्या विणकाम मंडळाचा इतिहास लिहायचा, असे मी बरीच वर्षे घोकत होतो. अडचण अशी की, या मंडळाला नाव नव्हते, घटना नव्हती, अध्यक्ष नव्हता, वर्गणी नव्हती. आणि मराठी संस्थेच्या बाबतीत हे कुणाला खरे वाटणार नाही, पण मंडळात फूटही पडली नव्हती. इतिवृत्ताची वही नाही, जमाखर्च नाही, खुर्च्यांवर ओळीने बसून काढलेला फोटो नाही. अशा संस्थेचा इतिहास लिहायचा कशावरून? अस्सल साधन म्हणाल तर एकच शिल्लक आहे, ते म्हणजे मी.

माझा अधिकार सांगतो. मी मंडळाचा सभासद नव्हतो, फर्निचर होतो. लोकर तेव्हा लडीने यायची. लडीचा गुंडा करायचा तर ती कुणीतरी दोन्ही हातांत ताणून धरावी लागते. खुर्चीच्या पाठीला अडकवूनही भागते म्हणा. पण गिरगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत खुर्ची कुठून आणायची? मुलगा मात्र प्रत्येक खोलीत एक तरी असेच. 1962 साली मी आठ वर्षांचा होतो आणि हात पुढे करून तासभर न हलता बसण्यात माझा हातखंडा होता. बायका गुंडे गुंडाळता गुंडाळता बोलत. खुर्चीसमोर माणसे जे बोलतात ते माझ्यासमोर बोलत. इतिहासकाराला याहून मोठे भाग्य कोणते?

मंडळ एरवी दुपारी, मागची आवराआवर झाली की गॅलरीत भरे. पण वार्षिक संमेलन दिवाळीच्या सुटीत. प्रत्येकीने आपला फराळाचा डबा आणायचा आणि वर्षाचे सामुदायिक काम काढायचे. नियम एकच: चकलीचा हात लोकरीला लावायचा नाही. म्हणजे आधी विणकाम, मग फराळ. आम्ही मुले डब्यांकडे बघत बसायचो. माझे हात लडीत अडकलेले, म्हणून मला तेवढी एखादी चकली भरवली जाई. फर्निचर होण्याचेही फायदे असतात.

सामुदायिक काम म्हणजे बहुधा बाळंतविडा. चाळीत कोणी ना कोणी बाळंतीण व्हायची असेच. मग कुंची एकीकडे, मोजे दुसरीकडे, दुपटे चौघींत वाटून. हिशेब पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे. काकूंना एकच क्रियापद ठाऊक होते: उसव. टाका सुटला, उसव. काठ वाकडा आला, उसव. सून रडत असली तरी, "रड, पण उसव."

चाळीतल्या पुरुषांना या प्रकाराची गंमत वाटे. "मुंबईत लोकर? उद्या राजस्थानात होड्या बांधाल!" असे माझे वडील म्हणत, तेही ऑक्टोबरच्या उकाड्यात बनियन पिळत. बिचाऱ्यांना इतिहास ठाऊक नव्हता. जगातले फार जुने विणलेले मोजे सापडले ते बर्फात नव्हे, इजिप्तच्या वाळूत. जवळजवळ हजार वर्षांपूर्वीचे ते निळे-पांढरे नमुने, आणि तेही सुती! तेव्हा उकाड्यात विणणे ही मूळची परंपरा. थंडीवाले मागाहून आले.

आणि हसणाऱ्या पुरुषांसाठी आणखी एक. युरोपात एके काळी विणकाम हा पुरुषांचा धंदा होता. त्यांचे रीतसर संघ असत आणि पोरांना वर्षानुवर्षे उमेदवारी करावी लागे. पुढे इंग्लंडात विल्यम ली नावाच्या पाद्र्याने 1589 साली मोजे विणायचे यंत्र काढले. आख्यायिका अशी की, त्याची आवडती बाई त्याच्याकडे न बघता सारखी विणतच बसे. पहिल्या एलिझाबेथ राणीने त्याला पेटंट नाकारले. यंत्र पुढे जगभर झाले. बाया मात्र अजून विणताहेत, आणि अजूनही समोरच्याकडे न बघता.

तर 1962. वीस ऑक्टोबरला चीनने हल्ला केला आणि आठवड्याभरात दिवाळी आली. तिसऱ्या खोलीतल्या एकुलत्या एक रेडिओपुढे सगळी चाळ जमू लागली. बातम्यांतली गावे कुणी ऐकलेली नव्हती. पण तिथे बर्फ आहे आणि आपले कितीतरी जवान सुती कपड्यांत नि कॅन्व्हासच्या बुटांत उभे आहेत, एवढे हळूहळू कळले. संरक्षण निधीत आईने कानातल्या कुड्या दिल्या. काकूंनी संमेलनात बाळंतविड्याची पांढरी लोकर ट्रंकेत टाकली आणि म्हणाल्या, "यंदा मोठ्या बाळांचं करायचं."

एकेकटीने पूर्ण स्वेटर करायला वेळ नव्हता, म्हणून वाटणी झाली. पाठ पहिल्या मजल्यावर, पुढची बाजू दुसऱ्यावर, बाह्या तळमजल्यावर. स्वेटर तीन मजल्यांवर एकदम वाढू लागला. लोकर शेवाळी रंगाची. मापाला जवान कुठून आणणार? तेव्हा चाळीतल्या यच्चयावत पुरुषांच्या छात्या मोजून झाल्या. सर्वांत मोठे माप धरून काकू म्हणाल्या, "यात चार बोटं मिळवा. तो लढणारा आहे, हा कारकून आहे." तो कारकून म्हणजे माझे वडील. त्यानंतर ते होड्यांबद्दल बोलले नाहीत.

इथे इतिहासकार म्हणून मला 108 वर्षे मागे जायला हवे. जपमाळेचे मणी मोजून बरोबर तितकीच. 1854 च्या ऑक्टोबरात क्रिमियात बालाक्लावाची लढाई झाली. इंग्रजांचा सरसेनापती लॉर्ड रॅगलन. चुकीच्या हुकुमावरून तोफांच्या तोंडी घोडदळ घालणारा लॉर्ड कार्डिगन. मग थंडी आली. कपडे घेऊन आलेले जहाज 14 नोव्हेंबरच्या वादळात बंदराच्या तोंडाशीच बुडाले आणि शिपाई गारठून मरू लागले. तेव्हा इंग्लंडातल्या बायकांनी सुया काढल्या. पुढे झाले काय? कार्डिगनच्या नावाने पुढून उघडा स्वेटर चालू झाला. वॉटर्लूला एक हात गमावलेल्या रॅगलनच्या नावाने बाही झाली. कानटोपीला बालाक्लावा म्हणू लागले. आपली माकडटोपी ती हीच! थंडी पडायच्या आधीच ती चढवून पर्वतीला निघणारे पुण्याचे पेन्शनर हे त्या लढाईचे शेवटचे शिलेदार होत. म्हणजे ज्यांच्या कारभारात शिपाई गारठले त्यांची नावे कपड्यांना, आणि ज्यांनी विणले त्यांचे नाव कुठेच नाही.

आमच्या तळमजल्यावरच्या वहिनीचा धाकटा भाऊ फौजेत होता. नेफात कुठेतरी, एवढेच ठाऊक. ऑक्टोबरपासून पत्र नव्हते. भाऊबीजेला ती गच्चीवर गेली आणि भाऊ जवळ नसलेल्या बहिणी ओवाळतात तसे द्वितीयेच्या कोरेला ओवाळून आली. मग खाली येऊन विणायला बसली. तिच्याकडे डावी बाही होती. उजवी, मराठी शाळेतल्या मास्तरीणबाईंकडे.

विणणाऱ्या बाईची वीण तिच्या मनाप्रमाणे घट्ट-सैल होते. बातम्या लागल्या की वहिनीचे टाके आवळत. नोव्हेंबरात सेला पडले, बोमदिला पडले, तेव्हा तर टाक्यात सुई शिरेना. दोन्ही बाह्या जोडायला आल्या तेव्हा ओळी मोजून सारख्या, पण डावी चार बोटे आखूड आणि मनगटाइतकी अरुंद. गॅलरीत सगळ्या गप्प. आता काकू ते क्रियापद काढणार! काकूंनी बाही उलटून पाहिली, सुलटून पाहिली, वहिनीकडे पाहिले. "राहू दे," त्या म्हणाल्या. "असतो एखाद्याचा एक हात सडपातळ."

काकूंनी न उसवलेले ते एकच काम.

एकवीस नोव्हेंबरला चीनने युद्धबंदी जाहीर केली. त्याच दिवशी यशवंतराव संरक्षणमंत्री झाले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला गेला म्हणून चाळीने पेढे वाटले. वहिनीने एक घेतला आणि हातातच ठेवला. सतरा स्वेटर गठ्ठ्यात बांधून गेले. अठराव्याच्या बाह्या जुळत नव्हत्या, म्हणून तो मागे राहिला.

वहिनीचा भाऊ चीनच्या कैदेत असल्याचे पुढे कळले. कैद्यांची परतपाठवणी 1963 च्या मेपर्यंत चालली. तो चाळीत आला तेव्हा मुंबईत अंगाची लाही होत होती. पंख्याखाली बसलेल्या त्या माणसाला मंडळाने गराडा घातला आणि वहिनीने ट्रंकेतून स्वेटर काढला. त्याने काही न बोलता चढवला. उकाड्यात सगळी चाळ बघत होती. डावी बाही त्याला अगदी बरोबर बसली. बाकीचा स्वेटर सैल झाला.

"कुठं होता हा नोव्हेंबरात?" त्याने हसत विचारले.

"पाठवायचा राहिला, बाबा," काकू म्हणाल्या. "आमच्याकडनं राहिला." आणि काकूंना, ज्यांनी आमच्या दोन पिढ्या सुना रडवल्या त्यांना, मी पहिल्यांदा डोळ्यांना पदर लावताना पाहिले. माझे हात त्या दिवशी रिकामे होते; तरी मी ते पुढे धरून तसाच बसलो होतो.

त्याला फौजेतून गरम कपडे मिळाले, तेव्हा जाताना स्वेटर बहिणीकडे ठेवून गेला. त्या वर्षीच्या दिवाळीत काकूंनी तो मागवला आणि संमेलनात, सर्वांसमक्ष, डाव्या बाहीपासून सुरुवात करून उसवला. मंडळाच्या इतिहासाचे अस्सल साधन माझ्या डोळ्यांदेखत माझ्याच हातांवर लड होऊन आले! वाफेवर धरून लोकरीच्या सुरकुत्या काढल्या आणि वहिनीला दिवस गेले होते म्हणून त्याची कुंची नि मोजे झाले. शेवाळी रंगाच्या लष्करी कुंचीत गुंडाळलेले असे बाळ गिरगावाने त्यापूर्वी पाहिले नव्हते. आता त्या बाळाने साठी ओलांडली आहे आणि ते सकाळी माकडटोपी घालून फिरायला जाते.

काकू नाहीत, वहिनी नाही, चाळही नाही; तिथे टॉवर उभा आहे. मंडळातल्या लेकी-सुना दिवाळीच्या सुटीत एकीच्या घरी अजून जमतात. नाती मोबाइलवर बघून नवे नमुने काढतात. परवा एकीची बाही आवळून आखूड झाली. दुसरी म्हणाली, "अगं, ही तर वहिनी बाही झाली!" सगळ्या हसल्या. कोण वहिनी, हे त्या पोरींना ठाऊक नव्हते. रॅगलन कोण हे तरी कुणाला ठाऊक असते?

मी मात्र मान्यता मिळाल्याचे इतिहासात नोंदवून टाकले आणि चकली घेतली. अर्थात लोकर खाली ठेवून.