अँटीबॉडी मापावर शिवली जात नाही

जंतू शरीरात शिरला की शरीर त्याला पारखते आणि त्याच्या मापाची प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडीज, बनवते, असे आरोग्यपुरवण्यांपासून शाळेच्या वर्गापर्यंत सगळीकडे सांगितले जाते. शरीर जणू शिंपी. गिऱ्हाईक आले की टेप काढायची, माप घ्यायचे, कापड बेतायचे. मीही हे चित्र फळ्यावर काढले आहे, हे कबूल करतो. चित्र सोयीचे आहे, पण चूक आहे.

पूर्वपक्ष मात्र लेचापेचा नव्हता. कार्ल लँडस्टायनर यांनी प्रयोगशाळेत घडवलेली, निसर्गात नसलेली रसायने प्राण्यांना टोचली, तर त्यांच्याविरुद्धही नेमकी प्रतिपिंडे निघाली. जे सृष्टीतच नव्हते, त्याचे माप शरीराकडे आधीपासून कसे असेल? म्हणून १९४० मध्ये दिग्गज रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी मांडले की प्रतिपिंडाची प्रथिनसाखळी परक्या पदार्थाला बिलगून घडी घालते आणि तोच आकार धरून ठेवते. पॉलिंग बोलल्यावर हरकत घेणार कोण?

१९६४ मध्ये एडगर हेबर यांनी प्रतिपिंडाच्या तुकड्याची घडी पार उलगडली आणि परका पदार्थ आसपास नसताना ती पुन्हा बसू दिली. असे तुकडे आपला पदार्थ पुन्हा ओळखू लागले. म्हणजे माप साखळीतल्या अमिनो आम्लांच्या क्रमात होते, आणि तो क्रम जनुकांतून येतो.

पण जनुके तरी पुरणार कशी? माणसाकडे प्रथिनांची जनुके सुमारे २०,०००, प्रतिपिंडांचे प्रकार कोट्यवधी. १९७६ मध्ये बाझलला नोबुमिची होझुमी आणि सुसुमु तोनेगावा यांनी उंदराच्या भ्रूणाचा डीएनए आणि प्रतिपिंडे बनवणाऱ्या गाठीचा डीएनए एकाच विकराने तोडला. तुकडे जेलमध्ये लांबीनुसार वेगळे केले, जेलच्या चकत्या कापल्या आणि प्रतिपिंड-साखळीचा आरएनए कोणत्या चकतीतल्या डीएनएशी जुळतो ते तपासले. भ्रूणात साखळीचा बदलता भाग एका तुकड्यावर आणि स्थिर भाग दुसऱ्यावर होता. गाठीत दोन्ही एकाच तुकड्यावर! जनुके जागची हलली होती. ‘प्रत्येक पेशीत तोच डीएनए’ हे पाठ्यपुस्तकी वाक्यही जाता जाता मोडले. तोनेगावांना १९८७ चे नोबेल मिळाले.

ही हलवाहलव अस्थिमज्जेत होते, जंतूचा पत्ता नसताना. प्रतिपिंडाच्या जड साखळीसाठी सुमारे ४० व्ही, २३ डी आणि ६ जे नावाच्या जनुक-तुकड्यांतून प्रत्येकी एक उचलायचा, मधला डीएनए कापून फेकायचा, उरलेले सांधायचे. नुसत्या गुणाकाराने साडेपाच हजार जोड्या होतात. खरी गंमत सांध्यावर आहे. तिथे एक विकर कोणतीही प्रत समोर न ठेवता, मनाला येतील ती अक्षरे घुसडतो. तीनपैकी साधारण दोन सांधे वाचताच येत नाहीत, आणि कामाची साखळी जमलीच नाही तर ती पेशी मरते. एवढी नासाडी पत्करून शरीर प्रतिपिंडांचे असे भांडार घडवून ठेवते, की लँडस्टायनर यांच्या रसायनांनाही त्यात जोडीदार सापडावा. फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ मध्येच म्हटले होते की परका पदार्थ पेशी निवडतो आणि निवडलेली पेशी वाढते.

यावर एक शहाणा आक्षेप येतो. लस घेतल्यावर काही आठवड्यांत प्रतिपिंडांची पकड घट्ट होत जाते, ती मापानेच ना? नाही. लसिका ग्रंथींत ‘एआयडी’ नावाचा विकर निवडलेल्या जनुकांत नव्या चुका पेरतो. त्यातल्या बऱ्याच निरुपयोगी किंवा घातक ठरतात. ज्या पेशींची पकड सुधारली, त्या तगतात. इथेही जंतू निवडतो, शिकवत नाही. हाच विकर प्रतिपिंडाचे शेपूट, म्हणजे स्थिर भाग, बदलण्याचीही सुरुवात करतो, पण पकडीचा भाग तोच राहतो.

शिंपीवाद्यांना माझा एकच प्रश्न आहे. काही बाळे रॅग नावाच्या जनुकांतला गंभीर दोष घेऊन जन्मतात. व्ही, डी, जे तुकडे कापणारी कात्री याच जनुकांची. जंतू या बाळांच्याही शरीरात शिरतात, माप द्यायला हजर असतात. तरी त्यांच्यात प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशी आणि त्यांच्या साथीदार टी पेशी घडत नाहीत, स्वतःची प्रतिपिंडे बनत नाहीत, आणि त्यांना वाचवायला दुसऱ्याच्या अस्थिमज्जेतल्या मूळपेशी द्याव्या लागतात. असे का?