स्टुडिओंच्या जागी सदनिका : मुंबई उपनगरांतील एक स्थित्यंतर

जुन्या व्यापारी वास्तूचे घरांत रूपांतर होणे मुंबईला नवे नाही. काळा घोडा येथील वॉटसन हॉटेलच्या बिडाच्या सांगाड्याच्या इमारतीत 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ झाला. पुढे हॉटेल बंद पडल्यावर तिच्याच खोल्या विभागून बिऱ्हाडे आणि कचेऱ्या थाटल्या गेल्या व ती ‘एस्प्लनेड मॅन्शन’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तेथे उपयोग बदलला, पण इमारत उभी राहिली. उपनगरांत मात्र रूपांतर झाले ते इमारतीचे नव्हे, तर तिच्याखालच्या जमिनीचे, आणि चित्रपट स्टुडिओंच्या इतिहासात हे विशेष स्पष्टपणे दिसते.

1931 साली बोलपट आल्यानंतर चित्रीकरणाला शांतता हवी होती, मोकळी जमीन हवी होती आणि कामगारांना रोज ये-जा करता येईल अशी गाडीही हवी होती. चर्चगेट-बोरिवली मार्गावर 1928 पासून विजेच्या गाड्या धावू लागल्याने या तिन्ही गोष्टी शहराबाहेर एकत्र मिळू लागल्या. हिमांशु राय आणि देविका राणी यांनी 1934 मध्ये मालाडला बॉम्बे टॉकीज उभारली. तिच्यातून फुटून शशधर मुखर्जी, अशोक कुमार आणि सहकाऱ्यांनी 1943 मध्ये गोरेगावला फिल्मिस्तान काढले. पुढे मुखर्जींनीच अंधेरीजवळ आंबोलीला फिल्मालय स्थापन केले, तर चेंबूरला राज कपूर यांचा आर. के. स्टुडिओ उभा राहिला. ही उपनगरे 1950 आणि 1957 च्या हद्दवाढींत महापालिकेत आली. म्हणजे यातील काही स्टुडिओ तेथे शहर पोहोचण्याआधीचे आहेत.

स्टुडिओचा गाभा म्हणजे ‘फ्लोअर’, अर्थात चित्रीकरणाचे दालन : उंच छपराचे, मधे खांब नसलेले, बाहेरचा उजेड आणि आवाज आत येऊ नये म्हणून शक्यतो खिडक्यांवाचून बांधलेले. ज्या गुणांमुळे ते चित्रीकरणाला योग्य ठरते, त्याच गुणांमुळे ते राहण्यास अयोग्य ठरते, कारण घराला प्रत्येक खोलीत हवा आणि उजेड लागतो. त्यात भर पडते ती चटईक्षेत्र निर्देशांकाची. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल हे ठरवणारे हे प्रमाण आहे. निर्देशांक एक असेल, तर हजार चौरस मीटर भूखंडावर सर्व मजले मिळून तेवढेच बांधकाम करता येते. एकमजली दालन या मर्यादेचा थोडाच भाग वापरते, त्यामुळे उरलेला हक्क विकासकाच्या दृष्टीने वास्तूपेक्षा मोलाचा ठरतो. दरम्यान बाह्यचित्रीकरण वाढले, 1977 मध्ये गोरेगावला शासनाची चित्रनगरी सुरू झाली आणि खाजगी फ्लोअर दूरचित्रवाणीच्या मालिकांवर अवलंबून राहू लागले.

आर. के. स्टुडिओला 16 सप्टेंबर 2017 रोजी लागलेल्या आगीत मुख्य फ्लोअर आणि जुन्या चित्रपटांचे पोशाख नष्ट झाले. पुनर्बांधणी परवडणारी नाही या निष्कर्षाला येऊन कपूर कुटुंबाने 2018 मध्ये विक्रीचा निर्णय जाहीर केला आणि 2019 मध्ये सुमारे 2.2 एकरांची ती जागा निवासी संकुलासाठी गोदरेज प्रॉपर्टीजकडे गेली. 2025 च्या जुलैत फिल्मिस्तानची सुमारे चार एकर जागाही आर्केड डेव्हलपर्सने 183 कोटी रुपयांच्या व्यवहारात घेतली. तेथेही उंच निवासी मनोरे उभे करण्याची योजना आहे.

हे अटळच होते असे म्हणणे चुकीचे ठरेल. पुण्यातील प्रभात स्टुडिओ कंपनी बंद पडल्यावरही टिकला, कारण 1960 मध्ये शासनाने त्याच आवारात चित्रपट शिक्षणाची संस्था सुरू केली आणि फ्लोअरला फ्लोअर म्हणूनच काम मिळाले. उपनगरी स्टुडिओंना असा दुसरा धनी लाभला नाही. मुंबईत 1995 पासून वारसा वास्तूंसाठी स्वतंत्र नियमावली आहे. तथापि दगडी कमानी आणि घुमट यांचे वारसामूल्य जितक्या सहज मान्य होते, तितक्या सहज पत्र्याच्या छपराखालच्या श्रमस्थळाचे होत नाही, आणि हा दृष्टिदोष गंभीर आहे. पाडकामाची परवानगी देताना निदान फ्लोअरचे मोजणी-नकाशे, छायाचित्रे आणि तेथे आयुष्य घालवलेल्या प्रकाशयोजना व नेपथ्य कामगारांच्या मुलाखती अभिलेखागारात जमा करण्याची अट घातली जावी.