दाबबिंदू जुने, रक्तदाब नवा

नांदुऱ्यात काय किंवा मुंबईत काय, बीपीची गोळी आता घरोघरी ओळखीची झाली आहे. त्याच घरात अ‍ॅक्युप्रेशरचा लाकडी रोलर किंवा काटेरी चपलाही सापडतात. मनगटाच्या आत घडीपासून तीन बोटं वर, कोपराच्या घडीच्या बाहेरच्या टोकाला, पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दाबा, बीपी उतरेल, असं सांगितलं जातं. वर पुस्ती जोडली जाते, 'हे पाच हजार वर्षांचं शास्त्र आहे!' आज आपण या पुस्तीचाच इतिहास तपासणार आहोत. कारण तिच्या भरवशावर कोणी गोळी सोडली, तर तो प्रश्न नुसता इतिहासाचा राहत नाही.

आधी रक्तदाबाचं वय बघू. इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या धमनीत नळी घालून रक्ताचा दाब मोजल्याचा वृत्तांत 1733 मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाच्या दंडाला पट्टा बांधून मोजण्याची सोपी रीत इटलीच्या रिव्हा-रोच्ची यांनी 1896 मध्ये दिली. पट्ट्याखाली ऐकू येणाऱ्या ठोक्यांवरून वरचा आणि खालचा आकडा काढायला रशियाच्या कोरोत्कॉव्ह यांनी 1905 मध्ये शिकवलं. म्हणजे 140-90 ही भाषाच सव्वाशे वर्षांच्या आतली आहे.

आता बिंदूंकडे वळू. चीनचा 'ह्वांगदी नेइजिंग' हा वैद्यकग्रंथ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात शरीरातल्या वाहिन्यांचा विचार आहे, पण उच्च रक्तदाब नाही, असणार कसा? डोकेदुखी, चक्कर यांवरचे उपाय जुने असू शकतात. पण वाढलेला बीपी बहुतेक वेळा डोकंही दुखवत नाही आणि चक्करही आणत नाही. तो गुपचूप वाढतो.

आणि बाजारात मिळणारा तळपायाचा नकाशा, ज्यात इथे मूत्रपिंड, तिथे हृदय दाखवलेलं असतं, तो तर चीनचाही नव्हे. अमेरिकेत डॉ. विल्यम फिट्झगेराल्ड यांनी 1917 मध्ये शरीराचे उभे पट्टे कल्पून 'झोन थेरपी' मांडली. त्यावरून युनिस इंगहॅम यांनी पायाचे नकाशे तयार केले. त्यांचं पुस्तक 1938 चं. आपल्याकडे देवेंद्र व्होरा यांच्यासारख्यांच्या पुस्तकांनी ही पद्धत घराघरात नेली.

त्याच 1938 साली भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, आणि आपल्या विदर्भातले, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस 1942 मध्ये तिथेच वारले. पथकातले बंगाली डॉक्टर विजयकुमार बसू पुढे 1950 च्या दशकात पुन्हा चीनला जाऊन सुईची विद्या शिकले आणि ती त्यांनी भारतात आणली. म्हणजे आपल्याकडचा हा वारसा एका माणसाच्या आयुष्यात मावेल एवढाच आहे.

पण नवं म्हणजे खोटं, असंही नाही. खरं-खोटं वयावरून ठरत नाही. आपल्या तर्कशास्त्रात काकतालीय न्याय आहे. मराठीत आपण म्हणतो, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. दहा मिनिटं शांत बसून बिंदू दाबला आणि बीपी उतरला. आता बिंदूने उतरला, की शांत बसण्याने?

हाच प्रश्न चाचण्यांनी विचारला. अमेरिकेत 192 रुग्णांवरच्या, 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खऱ्या बिंदूंवरच्या सुया आणि नकली उपचार यांत फरक दिसला नाही. जर्मनीत 160 रुग्णांवरच्या, 2007 च्या चाचणीत सहा आठवड्यांनी वरचा आकडा सरासरी 5.4 ने उतरला. उपचार थांबल्यावर तीन महिन्यांनी तो पूर्वपदावर होता. या दोन्ही चाचण्या सुयांच्या. बोटाने दाबण्यावरच्या चाचण्या बहुतेक लहान आहेत.

याउलट सर्पगंधा बघा. तीही परंपरेतली. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती बीपीच्या रुग्णांना देऊन, आकडे मोजून, 1949 मध्ये निबंध लिहिला. जगाने तो मानला. 1952 मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं. पुढे काही रुग्णांना त्याने उदासी येते, हेही लक्षात आलं. परंपरेचा मान राखायचा तो असा.

मग घरी बिंदू दाबावेत का? जरूर दाबा, मन शांत होत असेल तर तेवढा लाभ पुरे. पण मानेच्या बाजूच्या शिरा दाबू नका, गरोदर बाईने विचारल्याशिवाय करू नये आणि गोळी आपल्या मनाने सोडू नये. एक प्रयोगही करून बघा. आठवडाभर रोज ठरल्या वेळी पाच मिनिटं नुसतं बसून बीपी मोजा, पुढचा आठवडा तेवढीच मिनिटं बिंदू दाबून मोजा. दोन्ही आठवडे गोळी तीच ठेवा. आकडे वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. पाच हजार वर्षांच्या दाव्यापेक्षा ती दोन आठवड्यांची वही आपल्या जास्त कामाची आहे.