चवदार तळ्याचा खटला : वाद कसा करावा याचा धडा



दरवर्षी २० मार्चला आपण चवदार तळ्याची आठवण काढतो. बाबासाहेबांनी तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ही गोष्ट आपल्या वस्तीतल्या लहान पोरालाही पाठ आहे. पण त्या ओंजळीनंतर कोर्टात सव्वानऊ वर्षं झगडा चालला, त्याविषयी आपण क्वचितच बोलतो. आपली मुलं जयंतीला भाषणं करतात, निबंध लिहितात, वादविवाद स्पर्धेत उभी राहतात. आवाज खणखणीत, पाठांतर पक्कं. पण समोरच्यानं "कशावरून?" असं विचारलं की गाडी अडते. म्हणून या स्मरणिकेत त्या खटल्याची हकीकत सांगावी असं मनात आलं. वाद कसा मांडावा आणि दुसऱ्याचा वाद कसा पारखावा, याचा एवढा चांगला धडा दुसरीकडे सापडणार नाही.

आधी थोडा इतिहास. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मांडून पास करून घेतला. सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला, तळ्यावर कुणाला पाय ठेवता आला नाही. मग १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला परिषद भरली आणि आपले लोक तळ्यावर गेले. तेवढ्यात गावात आवई उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. ती धडधडीत खोटी होती. पण तेवढ्यावर लाठ्या निघाल्या आणि जेवायला बसलेल्या माणसांची डोकी फुटली. पुढं १०८ घागरी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळं 'शुद्ध' केलं. ४ ऑगस्ट १९२७ ला, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षं झाली त्याच तारखेला, नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला.

बाबासाहेबांनी डिसेंबरात सत्याग्रह जाहीर केला. तेव्हा सवर्ण मंडळींनी १२ डिसेंबर १९२७ ला महाडच्या कोर्टात दावा लावला आणि दोनच दिवसांत तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. २५ डिसेंबरला हजारो माणसं महाडला जमली होती, तुरुंगात जायच्या तयारीनं आली होती. पण बाबासाहेबांनी त्यांची समजूत घातली. आपलं भांडण सवर्णांशी आहे, सरकारशी नाही. दावा चालू असताना हुकूम मोडला तर आपलाच मुद्दा कच्चा होईल, हे त्यांनी लोकांना पटवलं. तापलेल्या सभेला आणखी तापवणं सोपं असतं. गिरणीच्या गेटवर संपाच्या वेळच्या सभा मी पुष्कळ पाहिल्या, म्हणून सांगतो. तापलेल्या सभेला विचार करायला लावणं फार अवघड. शेवटी लोक तळ्याला मिरवणुकीनं फेरी घालून, शिस्तीनं परत फिरले.

आता दाव्याकडं वळू. फिर्यादींचं म्हणणं तीन पायऱ्यांचं होतं. एक, हे तळं खासगी मालकीचं, चौधऱ्यांचं आहे. दोन, अस्पृश्यांनी इथं पाणी भरायचं नाही अशी अनादी काळापासून रूढी आहे. तीन, म्हणून तो आमचा हक्क झाला, कोर्टानं तो राखावा. ऐकायला कसं घट्ट विणलेलं वाटतं! पण साच्यावर काम केलेल्या माणसाला ठाऊक असतं, कापड लांबून बघून कळत नाही. उजेडात धरून धागा न धागा बघावा लागतो.

पहिला धागा, मालकीचा. तळं नगरपालिकेचं, म्हणजे सार्वजनिक, असं ठरलं. तो धागा तुटला.

दुसरा आणि तिसरा धागा जास्त शिकण्यासारखा आहे. ८ जून १९३१ ला महाडच्या कोर्टानं निकाल दिला. अस्पृश्य इथं पाणी भरत नव्हते, ही वहिवाट बरीच जुनी आहे, हे त्या कोर्टानं मान्य केलं. म्हणजे समोरच्याच्या बोलण्यात काही खरं होतं! पण कोर्ट पुढं म्हणालं, एकानं वापरलं आणि दुसऱ्यानं वापरलं नाही, एवढ्यानं पहिल्याला दुसऱ्याला अडवायचा हक्क मिळत नाही. दावा फेटाळला. बघा, इथं खरी मेख आहे. वहिवाट होती हे खरं. त्यातून हक्क निघतो हे खरं नाही. आपण वादात काय करतो? समोरचा जे जे बोलेल ते सगळं खोटं म्हणून ओरडतो. मग त्यानं एक खरी गोष्ट दाखवली की आपण सगळेच खोटे पडतो. त्याचं खरं तेवढं मान्य करावं आणि मग शांतपणे विचारावं, "बरं, पण यातून तुमचं म्हणणं निघतं कुठं?"

फिर्यादी ठाण्याला अपिलात गेले. तिथंही ३० जानेवारी १९३३ ला हरले. मग मुंबई हायकोर्टात आले. 'नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर' असं त्या खटल्याचं नाव. १७ मार्च १९३७ ला न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी अपील फेटाळलं. अनादी रूढी आहे असं जो म्हणतो, त्यानंच ती सिद्ध करायची, आणि ती सिद्ध झाली नाही, हा निकालाचा गाभा. तळ्याभोवती सवर्णांची घरं उभी राहण्याआधी ते पाणी कुणी फक्त आपल्यापुरतं राखून ठेवलं असेल, हीच कोर्टाला शंका वाटली. 'पूर्वीपासून' म्हणणाऱ्याला 'केव्हापासून?' एवढा एकच प्रश्न नीट विचारला की अर्धं काम होतं.

पण निकालाचं खरं मोजमापही आपण केलं पाहिजे. हायकोर्टानं अस्पृश्यता वाईट आहे असं म्हटलं नाही. रूढी सिद्ध झाली असती तर ती न्याय्य की अन्याय्य हे बघावं लागलं असतं. सिद्धच झाली नाही, म्हणून त्या प्रश्नात कोर्ट शिरलं नाही. म्हणजे दावा जिंकला, तरी मुख्य प्रश्न शिल्लक राहिला. आपल्या बाजूचा निकाल आहे म्हणून त्यात नसलेलं त्याच्या तोंडी घालू नये. बाबासाहेबांचा मुख्य मुद्दा कोर्टापेक्षा मोठा होता. त्या पाण्यावाचून आपण आजवर मेलो नाही. तळ्यावर जायचं ते इतरांसारखी आपणही माणसं आहोत हे सिद्ध करायला, असं त्यांनी डिसेंबरच्या परिषदेत बजावलं होतं. पशुपक्ष्यांना आणि इतर धर्माच्या लोकांना जे पाणी चालतं ते आम्हालाच का नाही, हा त्यांचा सवाल होता. त्याचं कायद्यातलं उत्तर १९५० साली संविधानानं दिलं. कलम १७ नं अस्पृश्यता नष्ट केली. कलम १५ मध्ये विहिरी, तळी, स्नानघाट यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. ते कलम वाचताना मला महाडच दिसतं.

भगवान बुद्धांनी केसपुत्त गावच्या कालामांना हेच शिकवलं होतं. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका. नुसत्या तर्कात बसतं म्हणूनही मानू नका. त्यातून हित होतं की अहित, हे स्वतः पारखा. यातलं शेवटचं आपण विसरतो. चतुराईनं जिंकलेला वाद खरा असतोच असं नाही.

तेव्हा मुलामुलींनो, स्टेजवर चढण्याआधी चार गोष्टी करा. आपलं म्हणणं एका वाक्यात लिहा. त्याखाली पुरावा लिहा, तारखेसकट. समोरच्याचं सगळ्यात जोरदार म्हणणं कोणतं ते लिहा आणि त्यातलं खरं किती ते बघा. आणि "बाबासाहेब म्हणाले" एवढ्यावर थांबू नका. ते तसं का म्हणाले, ते सांगा. ज्या माणसानं कोर्टात एकेक कागद लावून हक्क मिळवला, त्याचं नाव पुराव्याच्या जागी वापरणं हा त्यांचा मान नव्हे.

विहारात पुस्तकांचं कपाट आहे. त्याला कुलूप नाही. ते उघडा.

जय भीम! नमो बुद्धाय!