मुंबई बंदरांतील नौकाशर्यती

नांदेडकरांस नाव ठाऊक ती गोदावरी उतरण्यापुरती. निव्वळ खेळासाठीं शीड उभारणें त्यांस नवलाचें वाटेल. मुंबईंतील इंग्रजांनीं मात्र १८४६ सालीं याच हौसेपायीं ‘बॉम्बे यॉट क्लब’ स्थापिला. १८७६ सालीं त्यास ‘रॉयल’ ही पदवी लाभली. इंग्रजी अंमलांत या क्लबाचें सभासदत्व हिंदी मनुष्यास बंद होतें. वास्तविक इंग्रजांच्या आरमारासाठीं ‘त्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका १८१७ सालीं याच बंदरांत जमशेटजी बमनजी वाडिया यांनीं बांधिली होती! नौका बांधणारे चालत. शर्यतींत बरोबरीस बसणारे चालत नसत. स्वातंत्र्यानंतर तें दार उघडलें. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकाशर्यती मुंबईसच झाल्या. तींत फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनीं ‘फायरबॉल’ नौकेवर भारतास सुवर्णपदक मिळवून दिलें.